रोवणीत आलेली शाळा-समिती

मला समितीवर घेतलं ते माझ्या अकलेसाठी नव्हे. कायद्यानं एक बाई लागत होती.

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. आमच्या भागातल्या शाळांचा कारभार पाहणारी एक समिती होती. कुठली, ते सांगत नाही. तिच्यातले बहुतेक आता वर गेले आहेत आणि उरलेल्यांची नातवंडं माझ्या नातवंडांबरोबर शिकतात. कुठे शाळा काढायची, कुठे वर्ग वाढवायचा, पोरांना पुस्तकाशिवाय हाताचं काय काम शिकवायचं, हे ती समिती ठरवी. सगळे मेंबर धानाचे शेतकरी. बाई मेंबर हवी, ती शिकलेली हवी, आणि मुख्य म्हणजे बोलणारी नको. माझे सासरे, म्हणजे मामाजी, गावातले वजनदार माणूस. ते सभापतींना म्हणाले, "आमची सून मॅट्रिक हाये."

सभापतींनी विचारलं, "बोलते का?"

मामाजी म्हणाले, "अजून त नाही."

झाले मी मेंबर.

तेव्हाची मी आठवली की मला तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. लग्नाला वर्ष झालेलं. माहेर भंडाऱ्याचं, हातमागाच्या खटखटीत वाढलेली. लुगड्याच्या काठातला एक दोरा चुकला तर मला लांबून दिसे, पण बांधीतलं म्हणजे खाचरातलं धान आणि धुऱ्यावरचं म्हणजे बांधावरचं गवत मला सारखंच हिरवं. आणि तोरा असा, की दिल्लीचं बोलावणं यायचंच काय ते बाकी आहे. खांद्याला पर्स, पर्समध्ये शाईचं पेन, रुमाल आणि घसा बसू नये म्हणून लवंगा. भाषणाची तालीम मी गोठ्यात करत असे. "सन्माननीय सभापती आणि सदस्यहो," अशी सुरुवात केली की म्हशी माना वर करत. एखादीनं मध्येच पो टाकला तर तेवढंच, बाकी सभा शांत असायची. पुढे खऱ्या सभांना बसल्यावर कळलं, म्हशींइतकं मन लावून माझं कोणीच ऐकलं नाही.

पण हसण्यावारी न्यायची नाही अशी एक गोष्ट होती. माझी धाकटी नणंद.

ती सातवीत गावात पहिली आली होती. आमच्या गावची शाळा सातवीला संपे. आठवी तालुक्याला, आणि तालुक्याला जायचं तर एस्टी, सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परतणारी, आली तर. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला होता, "एस्टीनं माई पोरगी जानार नाही. गावात आठवी निघाली त शिकवा. नाही निघाली त येत्या माघात लगन."

म्हणजे ती पोरगी सातवी होऊन वर्षभर घरी बसलेली, आणि तिच्याजवळ माघापर्यंतचे महिने. मी माहेराहून माझं आठवीचं गणिताचं जुनं पुस्तक आणून दिलं. ते ती धानाच्या ढोलीवर ठेवी आणि सारवण-दळणातून उसंत मिळाली की काढी. निम्मं पुस्तक तिनं एकटीनं सोडवलं. बीजगणिताशी येऊन अडली.

"वयनी, हा क्ष म्हंजे किती?"

मी मॅट्रिक खरी, पण बीजगणिताशी माझं कधी जमलं नव्हतं. मी ऐटीत म्हटलं, "ते आठवीचे मास्तर सांगतील. आठवी मी आणतेच."

"खरंच आनान?"

"मेंबर कशाला झाले मग?"

तिनं विश्वास ठेवला. घरात माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच, आणि ते तिला महागात पडलं.

मृगानंतरच्या सभेत विषय निघाला. एक आठवीचा वर्ग मंजूर होता, मुलींची सोय व्हावी म्हणून. आणि गावं दोन होती, एक आमचं आणि एक सभापतींचं. ठरलं असं की समिती दोन्ही गावांच्या शाळा पाहायला जाईल, आणि जिथे मुली जास्त बसलेल्या दिसतील तिथे वर्ग. सभापती माझ्याकडे वळून म्हणाले, "वयनी, तुमच्या गावची तारीख तुमीच सांगा. बाईमानसाचा मान हाये."

मी पर्समधून छोटं कॅलेंडर काढलं. आखाडीचा सण होऊन जाईल, पोरं पुरणपोळ्या खाऊन परत वर्गात येतील, असा माझा हिशेब. म्हटलं, "आखाडीनंतरचा सोमवार."

एका मेंबरला ठसका लागला, त्यानं तोंडावर दुपट्टा धरला. सभापती म्हणाले, "वा! वयनीनं पाहा कसा दिवस काढला. मंजूर?" सगळे हात एकदम वर. मला वाटलं, काय हा माझा मान. "आमचं गाव आडबाजूले हाये," सभापती पुढे म्हणाले, "आमचं पोळ्यानंतर ठेवू." त्यालाही हात वर. माझाही.

त्याच सभेत शाळांना हाताच्या कामाचा विषय ठरवायचा होता. कारकुनानं ठराव वाचला, मुलांना शेती, मुलींना शिवण. मी उभी राहून अनुमोदन दिलं. ठराव काय आहे याकडे लक्षच नव्हतं. "अनुमोदन" हा शब्द चारचौघांत उच्चारायला मिळाला, त्यातच मी खूश.

निघताना कारकून म्हणाला, "मॅडम, समितीचं समितीतच राहू द्या." बस. मी ते असं मनावर घेतलं, जशी काही सरहद्दीवरची खबर माझ्याजवळ आहे. घरी कोणाला तारीख सांगितली नाही. नणंदेलाही नाही. रविवारी संध्याकाळी एकदम सांगून तिला चकित करायचं ठरवलं.

त्या वर्षी पावसानं ओढ धरली होती. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हातभर वाढून वाट पाहत होते आणि बांध्या कोरड्या. रविवारी गावच्या तलावाचं तोंड उघडलं. पाण्याची पाळी पहिली आमच्या शेताची. घरात दिवसभर धावपळ चाललेली, मला त्याचं काही नाही. नणंद दिवसभर पऱ्हे उपटून आली, मोरीवर हातपाय धूत होती. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाई, उद्या समिती येते आहे. शाळा पाहायला. आठवीसाठी."

तिचा हात तसाच लोट्यावर राहिला.

"उद्या? वयनी, उद्या त आपली रोवनी हाये."

"असू दे ना. रोवणी शेतात, समिती शाळेत."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान पोर विस्तवात हात घालताना आई पाहते. "गावात पोट्टी राहन का एक तरी? समद्या बांधीत असतेत. आपल्याच बांधीत."

रोवणी, म्हणजे भाताची लावणी, असते हे मला ठाऊक होतं. पण माझी समजूत अशी, की ती शेतकरी करतात. सबंध गाव करतं, सातआठ वर्षांच्या पोरीपासून म्हातारीपर्यंत सगळ्या बाया चिखलात उतरतात, हे मला कुठून माहीत असणार? लग्नानंतरचा पहिला आषाढ सुनेनं सासूचं तोंड पाहायचं नाही म्हणून मी माहेरी भंडाऱ्यात बसून होते, चांगली लाडू खात. ऐन रोवणी मी पाहिलीच नव्हती. आणि हे त्या सभेतल्या एकूण एक माणसाला माहीत होतं. धानाच्या जन्मात हात घातलेली ती माणसं. आखाडीनंतर काय असतं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

मी मामाजींकडे गेले. ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"मामाजी, उद्या समिती येणार आहे. रोवणी एक दिवस पुढे घ्या ना."

"परवा पानी दुसऱ्याचं हाये. मंग काय तुया बापाच्या मागावर पानी विनून देशील?"

"तुम्हाला माहीत होतं, समिती उद्या येते म्हणून?"

"सभापतीनं मले तवाच सांगतलं."

"मग मला का नाही बोललात?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "मेंबर तू हायेस. म्या कायले मधात पडू?" आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले. सासूबाई आतून म्हणाल्या, "पोरगी बांधीत असली की बायांचे हात चालतेत. तिले शाळेत नेऊ नको मनाव."

सोमवारी सकाळी मी बरी साडी नेसून धुऱ्यावर जाऊन उभी राहिले. समोर बाया आणि पोरी ओळीनं वाकलेल्या, डाव्या हातात जुडी, उजव्या हातानं एकेक रोप चिखलात खोचत मागे मागे सरकताहेत. पावसाची भुरभुर. शाळेतली सगळी मुलींची बाजू तिथे होती. पाटी-दप्तराच्या जागी पऱ्ह्याची जुडी. मी माझ्या सभेतल्या आवाजात म्हटलं, "मुलींनो, फक्त तासभर शाळेत चला. तुमच्या भविष्याचा प्रश्न आहे."

एक म्हातारी वाकल्या वाकल्या म्हणाली, "मेंबरीनबाई, तुमी या ना खाली. माई ओळ तुमी लावा, म्या जाऊन बसीन तुमच्या शाळेत."

सगळ्या हसल्या. मला आला राग. एका पोरीचा हात धरून बाहेर काढू म्हणून मी चपलेसकट बांधीत उतरले. चप्पल रुतली, मी पुढे गेले, आणि मग सबंध मी पुढे गेले. साडी, पर्स, लवंगा, सगळं आडवं. त्या सकाळी माझ्या भाषणाला पहिल्यांदा मनापासून दाद मिळाली.

नणंदेनं मला काखेत हात घालून उठवलं. ती हसत नव्हती. हातातली जुडी तिनं पाण्यात ठेवली, पाटात पाय धुतले आणि म्हणाली, "चला वयनी. एक त पोट्टी दिसन."

शाळेत मुलगे बसले होते. गुरुजी फळ्यावर शेतीचा नवा विषय शिकवत होते. भाताचं रोप काढलं होतं, मूळ, खोड, पान, लोंबी, आणि खाली "रोवणीच्या पद्धती." मुलगे ते उतरवून घेत होते. खिडकीतून खरी रोवणी करणाऱ्या बाया दिसत होत्या. समितीची जीप आली, मेंबर आत आले, मामाजीही त्यांच्याबरोबर. मुलींच्या बाजूला नणंद एकटी, ओल्या परकरानं. मी तिच्यामागे, गुडघ्यापर्यंत चिखल.

सभापतींनी माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. नणंदेला म्हणाले, "तू त सातवी झाली ना पोरी? मंग इथं कायले?"

"आठवी निघन मनून."

"असं? गनित येते का? सांग, आठ बाया चार दिवसांत एक शेत रोवतात. तेच शेत एका दिवसात रोवायचं त बाया किती?"

"बत्तीस," ती म्हणाली. मग थोडी थांबून, "पानी एकच दिवस असन त बत्तीसच लागतेत. आन गावात बत्तीस बाया भरल्या नाही, त शाळेतल्या पोट्ट्या न्या लागतेत."

सभापती मोठ्यानं हसले. मामाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरगी लय हुशार हाये, पाटील!" आणि मी मूर्ख मनात म्हणते, जमलं! आठवी आली!

जेवण आमच्याकडेच होतं. मी आंघोळ करून बेसनाच्या पातोड्यांची रस्सा भाजी वाढत होते. मेंबर घाम पुसत जेवत होते, माझ्या हाताला चव आहे म्हणत होते. कारकुनानं तिथेच अहवाल वाचून दाखवला, मुलींची उपस्थिती नगण्य. सभापती म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका वयनी. वर्ग नाही त नाही, तुमच्या गावाले जिल्ह्याच्या योजनेतून शिवनवर्ग देऊन टाकू. अध्यक्ष तुमी." मग भातावर रस्सा ओतून घेत मामाजींना विचारलं, "पोरीले कुठं देऊन राहिले?"

"पाहून राहिलो."

"पाहता कायले? माया पुतन्या हाये ना."

माझ्या हातात भाजीचं भांडं होतं. ते त्यांच्या टोपीवर पालथं केलं असतं तर आज ही गोष्ट सांगताना मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, "आणखी वाढू का?"

पोळ्यानंतर सभापतींच्या गावी गेलो. रोवणी संपलेली, पोरी मोकळ्या. वर्ग गच्च भरलेला, वेण्यांना तेल, शेजारच्या गावच्याही आणून बसवलेल्या. पुढच्या सभेत मी उभी राहिले. म्हशींपुढे केलेली कोणतीच तालीम कामाला आली नाही, नुसतंच ओरडल्यासारखं विचारलं, "तुमच्या गावची तारीख पोळ्यानंतर का ठेवली?"

सभापती शांतपणे म्हणाले, "वयनी, हात त तुमीबी वर केल्ता."

त्यांच्या गावाला आठवी मिळाली. आमच्या गावाला दोन शिवणयंत्रं आली. एक आमच्या ओसरीवर राहिलं, दुसऱ्याचं काय झालं ते मला विचारू नका. माझ्या गळ्यात हार पडला. माघात नणंदेचं लग्न झालं, सभापतींच्या पुतण्याशी. मुलगा वाईट नव्हता. तो आठवी नापास होता एवढंच.

पुढच्या पावसाळ्यात मी तिच्याकडे गेले. उघाड पडली म्हणून अंगणात धान वाळत घातलं होतं, ती कोंबड्या हाकत होती. रस्त्यापलीकडे शाळा आणि शाळेच्या या टोकाला आठवीचा नवा वर्ग. पोरं मोठ्यानं काही तरी म्हणत होती.

"दारातून फळा दिसते वयनी," ती म्हणाली. "सासू दार लोटून घेते. पन आवाज त येतेच ना."

मी रस्त्यापलीकडे पाहिलं.

"क्ष म्हंजे किती, ते समजलं मले."

"किती गं?"

"दर हिशेबात येगळा असते मने. म्या उगाच एकच आकडा धरून बसली होती."

तिनं कोंबडीला खडा मारला, तो नेमका लागला.

समितीवरून मी लवकरच गेले. मुदत संपली, आणि मामाजींनी दुसऱ्यांदा नाव सुचवलं नाही, कारण मी बोलायला लागले होते. ऐंशी सालानंतर एका आखाडीला नणंद अचानक आमच्या दारात उभी. सात-आठ कोस आली होती, तोंडावर घाम.

"वयनी, तुमी आता मेंबर नाही ना?"

"नाही वो. कधीच नाही."

"मंग मदत करा."

तिची मोठी पोरगी आठवीत होती, त्याच वर्गात. दुसऱ्या दिवशी घटक चाचणी सुरू होत होती आणि त्याच दिवसापासून घरची रोवणी. घरात आजवर कोणी पोरगी रोवणीला मागे राहिली नव्हती. तिनं सासूला विचारलं, तर सासू म्हणाली, "पोरीच्या बदल्यात बाई आन, मंग जाऊ दे शाळेत." गावात रोवणीच्या दिवशी रिकामी बाई? एक नव्हती.

"तिची ओळ तुमी लावा," नणंद म्हणाली.

मी हसले. ती हसली नाही. म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी साडीचा काचा मारून त्यांच्या बांधीत उतरले, तेव्हा तिच्या सासूनं तोंडावर हात मारला. पाहुणी, मोठ्या घरची सून, माजी मेंबर, आमच्या चिखलात! लोक काय म्हनतीन! हेच तर नणंदेला हवं होतं, चारचौघांदेखत सासूला आता शब्द फिरवता येणार नव्हता. पोरगी दप्तर घेऊन धुऱ्यावरून गेली, मागे वळून दोनदा पाहिलं, आणि गेली. मी वाकले. थोड्या वेळात कंबर माझी राहिली नाही. शेजारच्या बाया आपापली ओळ लावून पुढच्या बांधीत गेल्या, मी आपली तिथेच, नागमोडी रोपं लावत मागे सरकतेय.

सभापती, आता म्हातारे, काळी छत्री घेऊन धुऱ्यावर येऊन थांबले. डोळे बारीक करून पाहिलं.

"वयनी? हे काय चालवलं?"

मी कंबर सरळ केली नाही. केली असती तर पुन्हा वाकता आलं नसतं.

"हाताच्या कामाचा विषय घेतला, सभापतीजी," मी म्हटलं. "शेती. आमच्या वेळी पोरींना नव्हता ना."

ते छत्री सावरत घराकडे वळले. नणंद माझ्यामागून आली, माझी वाकडी ओळ तिनं मुकाट्यानं उपटली आणि सरळ लावत निघाली.

"राहू दे ना," मी म्हटलं, "मी एका दिवसापुरतीच तर आले आहे."

"एक दिवस कायचा?" ती म्हणाली. "परवा इंग्रजीची चाचनी हाये. तुमाले पुन्हा या लागते."